तिचे ‘असू दे’

आज उपासना संपल्यावर चहाच्या टेबलाशी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका ज्येष्ठ काकांनी मला सगळ्यांसमोर विचारले, “तुम्हा बायकांचे ते मंगळवारचे ऑनलाइन वाचन अजून चालू आहे का?” मी हो म्हणाले. त्यावर ते म्हणाले, “बाई, विश्वास ठेवायचा असतो, सिद्ध करायचा नसतो. तुम्ही प्रार्थना करा. वादविवाद पाळकसाहेबांवर सोडा.” आजूबाजूचे चार जण हसले आणि त्यांत दोन बायका होत्या. मी कप खाली ठेवला आणि निघाले. तलावपाळीला दोन फेऱ्या मारूनही राग उतरला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही अकरा जणी आहोत. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ आणि एक खारघरची. मंगळवारी रात्री साडेनऊला, ओटा आवरून झाला की, आम्ही झूमवर भेटतो आणि ख्रिस्ती विश्वासाच्या समर्थनाची, म्हणजे ज्याला अपॉलॉजेटिक्स म्हणतात त्या विषयाची पुस्तके वाचतो. या शब्दाचा माफी मागण्याशी संबंध नाही. ‘अपोलोगिया’ म्हणजे ग्रीक न्यायालयात आरोपीने आपल्या बाजूने केलेले निवेदन. बायबलमध्ये प्रेषित पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तोच शब्द आहे: तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. त्याच अध्यायाची सुरुवात स्त्रियांनी पतीच्या अधीन असावे या उपदेशाने होते. तो भाग मला लहानपणापासून ऐकवला गेला. पंधराव्या वचनापर्यंत मात्र मला कोणी नेले नाही, आणि ते वचन केवळ पाळकांना उद्देशून लिहिलेले नाही.

हे वाचन का सुरू झाले, ते मी मंडळीत कधी सांगितले नव्हते. आज सांगते.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ठाण्याहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात आमचा एक गट होता. त्यातली माझी सर्वांत जवळची मैत्रीण चौदा वर्षे माझ्या शेजारी बसत आली होती. तिच्या घरचा दिवाळीचा फराळ आमच्याकडे यायचा आणि नाताळात माझ्या करंज्यांचा डबा तिच्याकडे जायचा. एके दिवशी मटार सोलता सोलता तिने अगदी सहज विचारले, “अगं, तुमच्यात देव एक की तीन? माझ्या मुलीने विचारले आणि मला काही सांगता येईना.” मी जन्मापासून ख्रिस्ती, आजोबांपासून मंडळीत वाढलेली, संडे स्कूलमध्ये बक्षिसे मिळवलेली. मी म्हणाले, “एकच गं, पण ते जरा अवघड आहे.” ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “असू दे.” मग कुर्ला आले आणि विषय बदलला.

तिच्या मनात काही राहिले नसेल. माझ्या मनात ते ‘असू दे’ आजही आहे. तिने वाद घालण्यासाठी विचारले नव्हते आणि मला कोंडीत पकडण्यासाठी तर मुळीच नव्हते. माझ्या घरात काय आहे ते तिला आत येऊन पाहायचे होते आणि मी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवले.

काका, तुम्ही ज्याला वादविवाद म्हणता तो आमच्याकडे असा सुरू झाला.

पहिल्या महिन्यातच आम्हाला कळले की संडे स्कूलमध्ये शिकवलेले त्रैक्याचे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा याचे, उत्तर चुकीचे होते. पाणी, बर्फ आणि वाफ, एकच पदार्थ आणि तीन रूपे, असे आम्हा सगळ्यांना शिकवले होते आणि आमच्यातल्या तिघींनी पुढे तेच मुलांना शिकवले होते. पण एकच देव पाळीपाळीने तीन रूपे घेतो हे तर तिसऱ्या शतकातल्या साबेलियसचे मत, जे चर्चने तेव्हाच नाकारले. बाप्तिस्म्याच्या वेळी येशू यार्देन नदीच्या पाण्यात उभा असताना स्वर्गातून वाणी येते आणि आत्मा कबुतरासारखा उतरतो. तिथे तिघेही एकाच वेळी आहेत, मग एकाचीच रूपे कशी? आमच्यातली रसायनशास्त्राची शिक्षिका त्या रात्री बराच वेळ काही बोलली नाही. पन्नाशीतल्या बाईला आपल्या विश्वासाच्या गाभ्याविषयी चुकीचा दृष्टांत आयुष्यभर पुरवला गेला, याचा राग कोणी करायचा नाही का?

आणि प्रश्न विचारणाऱ्या बायका आपल्याकडे नव्याने जन्मल्या आहेत का? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला आणि त्यानंतर त्यांनी तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून जो झगडा केला, त्यात हेच त्रैक्य होते. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हेही त्यांनी विचारले. मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि ती मी कोणाच्या हवाली करणार नाही, हे त्यांनी त्या वडीलधाऱ्या सिस्टरला स्पष्ट कळवले. याच रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्यांचे मन तयार व्हायला वर्षे लागली, आणि ती त्यांनी घेतली. या दोघींची नावे आपण महिला दिनाला व्यासपीठावरून घेतो, आणि त्यांनी जे केले ते मंगळवारी रात्री आम्ही केले की चहाच्या टेबलाशी हसतो.

हसण्यावरून आठवले. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाचा एक तत्त्वज्ञ होता, त्याने ख्रिस्ती विश्वासावर कडाडून टीका केली. मेलेला येशू पुन्हा उठला ते, म्हणजे पुनरुत्थान, कोणी पाहिले, तर एका भ्रमिष्ट बाईने, असे त्याने हिणवले. लूकचे शुभवर्तमान उघडून पाहा: मग्दालीया मरीया, योहान्ना आणि इतर स्त्रिया रिकाम्या कबरेवरून परत आल्या, तेव्हा खुद्द प्रेषितांना त्यांचे बोलणे वायफळ वाटले. सेल्ससने बाहेरून जे म्हटले ते आतल्या पुरुषांनी आधीच म्हणून झाले होते. ही गोष्ट बनावट असती तर त्या काळी जिच्या शब्दाला वजन नव्हते तिला कोणी पहिली साक्षीदार केले नसते, हा मुद्दा आम्हाला एका पुस्तकात सापडला आणि नेरूळची आमची नर्स, जी ड्युटीवरून चेंजिंग रूममध्ये बसून कानाला हेडफोन लावून हजर असते, ती एवढेच म्हणाली, “म्हणजे आपल्यापासूनच सुरुवात झाली.” प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातल्या पुनरुत्थानाच्या साक्षीदारांच्या यादीत या स्त्रियांची नावे नाहीत, हे मान्य करावे लागते. आम्ही त्यावरही एक मंगळवार घातला.

त्या सेल्ससचे पुस्तक आज उरलेले नाही. ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने सुमारे २४८ मध्ये त्याला उत्तर लिहिले आणि त्यात त्याची वाक्ये जशीच्या तशी उतरवून घेतली, म्हणूनच सेल्सस काय म्हणाला ते आपल्याला कळते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. उत्तर देणाऱ्याने प्रश्न इतका नीट ऐकला की प्रश्न विचारणारा त्याच्या उत्तरातच जिवंत राहिला. डब्यात मी माझ्या मैत्रिणीचा प्रश्न नीट ऐकलाही नव्हता.

आता इथपर्यंत आल्यावर काकांचे एक म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागेल. वादात हरला म्हणून कोणी देवाजवळ आला, असे मी पाहिलेले नाही. शिवाय आम्ही वाचतो त्यातली बरीच पुस्तके बाहेरच्या देशांतल्या नास्तिकांना समोर ठेवून लिहिलेली आहेत. देव आहे का, हा प्रश्न आमच्या डब्यात कोणी विचारत नव्हते. तिथे सगळ्याच जणी देव मानणाऱ्या होत्या. तिथले प्रश्न वेगळे होते. तुमचाच मार्ग का? तुमचा धर्म बाहेरचा ना? त्यांची उत्तरे आम्हाला नेहमीच्या पुस्तकांत कमी आणि रमाबाईंमध्ये जास्त मिळाली. बंगालमधले ख्रिस्ती विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये त्रैक्यावर संस्कृत स्तोत्र लिहिले आणि ते ‘सच्चिदानंद’ या शब्दाने मांडले, हे मला पन्नास वर्षे कोणी सांगितले नव्हते.

आणि एक रात्र अशी होती की जिच्याविषयी लिहिताना मला आजही लाज वाटते. आमच्यातली एक जण नुकतीच मुलाला गमावून बसली होती. दुःखाच्या प्रश्नावरचा अध्याय चालू होता आणि दुःख मानवाच्या इच्छास्वातंत्र्यातून येते, हा मुद्दा मी अगदी ओघात, उदाहरणे देऊन समजावत होते. तिने काही न बोलता कॅमेरा बंद केला. पुढच्या मंगळवारी आम्ही पुस्तक बाजूला ठेवले आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचला. भाऊ लाजर मेल्यावर मार्था येते आणि येशूला जाब विचारते, तेव्हा तो तिच्याशी बोलतो, तिला उत्तर देतो. मग मरीया येते, तेच वाक्य बोलते, आणि तिच्यासमोर तो रडतो. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकच तक्रार, आणि दोघींना वेगवेगळे काही मिळाले. कोणाला काय द्यायचे ते मला त्या रात्री कळले नाही. ते शिकायलाही बसावेच लागते, काका. आणि ज्या मार्थेला आपण स्वयंपाकघरातली म्हणून ओळखतो तिनेच, भाऊ कबरेत असताना, तू ख्रिस्त आहेस अशी कबुली दिली.

माझा राग आता बराच निवळला आहे. त्या दोघी बायका हसल्या त्याचे वाईट मात्र अजून वाटते. त्यांतली एक माझ्यासोबत संडे स्कूलला होती. तिलाही कोणीतरी कधीतरी काही विचारले असेलच.

गेल्या महिन्यात मी माझ्या डब्यातल्या मैत्रिणीला फोन केला. ती आता निवृत्त होऊन मुलीजवळ राहते. मी म्हणाले, आठ वर्षांपूर्वी तू एक विचारले होतेस, त्याचे उत्तर द्यायचे राहिले आहे. तिला आधी आठवेना. मग मी वीसेक मिनिटे बोलले, अडखळत, दोनदा चुकून पुन्हा मागे येत. पित्याचे पुत्रावरचे प्रेम जगाच्या आधीपासून आहे, देव कधीच एकटा नव्हता, असे काहीसे सांगितले. पाणी आणि वाफ आणली नाही. ती ऐकत होती. या वेळी ती ‘असू दे’ म्हणाली नाही. थोडा वेळ थांबून तिने विचारले, “मग तो पवित्र आत्मा, तो ‘तो’ आहे की ‘ती’?”

मराठीत आत्मा पुल्लिंगी. ग्रीकमध्ये तो शब्द नपुंसकलिंगी आणि हिब्रूत बहुधा स्त्रीलिंगी, एवढे मी तिला सांगू शकले. बाकीचे येत्या मंगळवारी वाचणार आहोत, आणि ती ऐकायला येणार आहे.