लूट खरी, पण पडदा कशासाठी?

‘सरकारी मदतीची लूट हे परकीय शक्तींचे छुपे युद्ध आहे, म्हणून तिचा तपास सुरक्षा यंत्रणांकडे सोपवावा आणि तपशील लोकांपुढे मांडू नये,’ असा दावा सध्या बराच फिरतो आहे. त्याला आधार म्हणून अमेरिकेतील कोविडकाळाचा दाखला दिला जातो.

दाव्याचा एक अंश खरा आहे. चीनशी संबंध असलेल्या ‘एपीटी ४१’ या हॅकर गटाने किमान २ कोटी डॉलरची कोविड मदत लाटल्याचे अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले होते. मात्र तेथील संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये एकट्या बेरोजगार भत्त्यांतील फसवणुकीचा अंदाज १०० ते १३५ अब्ज डॉलर इतका दिला. म्हणजे या गटाच्या नावावर उघड झालेली रक्कम त्यापुढे जेमतेम पाच हजारावा हिस्सा भरते. उरलेला पैसा कोणत्या वाटेने गेला, याचे बरेचसे उत्तर कायद्यातच सापडते: मार्च २०२० मध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी आणलेल्या योजनेत अर्जदाराने स्वतः लिहून दिलेले पुरेसे मानले गेले, आणि कामधंद्याचा पुरावा देण्याची अट डिसेंबर २०२० मधील कायद्याने आली. संकटात घाई समजण्यासारखी होती. पण तो निर्णय कोणा शत्रूचा नव्हता.

तपास सुरक्षेच्या चष्म्यातून केला की चोर सापडतात, हे दुसरे गृहीतक. नेदरलँड्समध्ये २०१३ साली बल्गेरियन टोळ्यांनी भत्ते लाटल्याचे उघड झाले आणि त्यानंतर भत्त्यांवरील पाळत अधिकच कडक झाली. बालसंगोपन भत्त्याच्या छाननीत अर्जदाराचे नागरिकत्व धोक्याची खूण म्हणून वापरले गेले, किरकोळ चुकांसाठी संपूर्ण रक्कम परत मागितली गेली, आणि हजारो निरपराध पालक कर्जात बुडाले. संशयाची व्याख्याच अशी केली की तीत कोण अडकणार, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा मुद्दा गुप्ततेचा, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. याच प्रकरणात पालकांनी आपापल्या फाइली मागितल्या, तेव्हा त्यांच्या हाती काळ्या शाईने पानेच्या पाने झाकलेले कागद पडले. चोरांना वाटा कळू नयेत, हा युक्तिवाद चालू तपासातील छाननीच्या निकषांपुरता मान्य करता येईल; स्वतःवर कोणता आरोप आहे हेच माणसाला कळू न देणे त्यात कसे बसते? झाकलेल्या पानांमागचा अन्याय बाहेर काढला तो लोकपालाच्या २०१७ मधील अहवालाने, पत्रकारांनी आणि प्रश्न विचारत राहिलेल्या मोजक्या खासदारांनी. जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, तो याच कागदांचा हिशेब संसदेपुढे आल्यानंतर.