‘पानमेंढी’लाही चारा लागतो

परभणी-लातूरकडच्या व्हॉट्सॲप गटांत हिरव्या पानांची झूल पांघरलेल्या एका समुद्री जीवाचे छायाचित्र फिरत आहे आणि त्याखाली मजकूर आहे : ‘ही समुद्रातली मेंढी. हिला चारा लागत नाही, ती नुसत्या उन्हावर जगते. असा हा जगातला एकमेव प्राणी.’ उन्हाळ्यात कडबा विकत घेणाऱ्याला हे वाचून हेवा वाटला तर नवल नाही, परंतु यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

‘मेंढी’ हे केवळ टोपणनाव आहे. हा जीव म्हणजे शंख नसलेली गोगलगाय असून, जपानच्या कुरोशिमा बेटावरून तिला कोस्टासिएला कुरोशिमी हे शास्त्रीय नाव १९९३ मध्ये मिळाले. तिची लांबी ५ ते १० मिलिमीटर, म्हणजे ज्वारीचे दोन दाणे एकापुढे एक ठेवावेत एवढीच असते आणि कानांसारखे दिसणारे अवयव वास घेण्याचे काम करतात.

चाऱ्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे कोवळ्या सोयाबीनचा फडशा पाडणाऱ्या शंखी गोगलगायी ज्यांनी पाहिल्या, त्यांना गोगलगायीच्या भुकेविषयी वेगळे सांगायला नको. तिची ही समुद्रातली दूरची नातलग पाने कुरतडत नाही; ती दाताने शैवालाची पेशी फोडून आतला रस शोषते, त्यातली हरितलवके, म्हणजे उन्हाच्या मदतीने अन्न तयार करणारे हिरवे कण, मात्र पचवून न टाकता पाठीवरच्या पानांसारख्या उंचवट्यांत पसरलेल्या पचनग्रंथीच्या शाखांमध्ये साठवते. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाजवळ एकही हरितलवक नसते. जे हिरवेपण दिसते, ते सगळे खाल्लेल्या चाऱ्यातून आलेले असते.

ही हरितलवके उन्हात काही काळ काम करतात, एवढा अंश खरा आहे. तथापि, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिच्याच गटातल्या दोन जातींच्या गोगलगायी अन्नाविना अंधारात ठेवल्या असता त्याही आठवडेच्या आठवडे जगल्या. त्यामुळे हा साठा म्हणजे उपासाच्या दिवसांसाठी कणगीत भरलेले धान्य असावे, हे मत मला अधिक पटते.

‘एकमेव’ तर ती नाहीच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिसिया क्लोरोटिका ही समुद्री गोगलगाय हेच करते. प्रवाळांच्या शरीरात तर जिवंत शैवालच राहते.

छायाचित्र मात्र बनावट म्हणता येणार नाही, कारण हा जीव दिसतो तसाच आहे. फक्त तिच्या पायाखाली जे हिरवे दिसते आहे, ते तिचे ताट आहे.