कंपासने ‘ओ’ निघेल, फ्युचुरा नाही

सर, वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फ्युचुरा हा इंग्रजी फॉन्ट म्हणजे नुसतं कंपास-पट्टीचं काम, आठवीतलं पोरगंही भूमितीच्या वहीत काढेल, बाउहाउस या जर्मन कलाशाळेवाल्यांचं हे खूळ, आणि वर वाचायला त्रास.

बाउहाउसचं आधी संपवतो. फ्युचुरा रेखाटणारा पाउल रेनर तिथे कधीच शिकवायला नव्हता. तो म्युनिकमध्ये मुद्रण शिकवायचा, आणि फ्युचुरा १९२७ साली बाजारात आणला फ्रँकफुर्टच्या बाउअर टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं (खिळे) ओतणाऱ्या कारखान्याने.

कंपासबद्दल मात्र तुम्ही निम्मे बरोबर आहात. रेनरचे सुरुवातीचे आराखडे खरंच तसे होते. स्मॉल ‘आर’ म्हणजे एक उभा दांडा आणि शेजारी सुटा ठिपका! असली बरीचशी अक्षरं पुढे गळली. जे खिळे विकायला आले त्यातला स्मॉल ‘एन’ मोठा करून बघा. कमान दांड्याला मिळते तिथे ती बारीक होत जाते. कंपासची रेघ कुठे बारीक होते? पण जाडी एकसारखी ठेवली, तर त्या सांध्यात शाई साचल्यासारखा काळा डाग दिसतो. तुम्ही आयुष्यभर पाट्या रंगवल्यात. ‘क’चा गोल दांड्याला टेकतो तिथे तुमचाही ब्रश हलका होत असणार, ते तुम्हाला कुठल्या कंपासने शिकवलं?

कॅपिटल अक्षरांची गंमत वेगळीच. ‘ई’, ‘एफ’, ‘एल’ अंग चोरून उभे, तर ‘ओ’, ‘सी’, ‘जी’ ऐसपैस. ही मापं भूमितीतली नाहीत, जुन्या रोमन शिलालेखांतली आहेत. म्हणून कोरीव मजकुराला हा टाइप शोभतो. अपोलो ११ च्या लोकांनी १९६९ साली चंद्रावर जो स्टीलचा पत्रा मागे ठेवला, त्यावरचा मजकूर फ्युचुरातच आहे, तोही कॅपिटलमध्ये.

वाचायच्या त्रासाबद्दल सपशेल माघार. आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेची इंग्रजी पानं मी एकदा हौसेने फ्युचुरात लावली होती, नऊ पॉइंटात. शेजारचे आजोबा भिंग घेऊन दारात. “हा ए आहे की ओ, एवढं सांग.” स्मॉल ‘ए’ म्हणजे गोलाला चिकटलेली एक काठी, बारीक छपाईत ती काठी गोलात विरघळते. तेव्हापासून हा फॉन्ट मी मथळ्यापुरता ठेवलाय.

मराठीत असं काही जमेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पॉपिन्स हा फॉन्ट बघा, फुकट मिळतो. त्यात लॅटिनबरोबर निनाद काळे यांनी केलेली देवनागरी आहे. त्यातला ‘ठ’ चांगला वीतभर छापून घ्या, त्यावर कंपास ठेवा, आणि बसतो का ते मला कळवा.