चारचौघांत

हर्णैच्या आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. दादाच्या बोटीवरचा नेपाळी खलाशी ऐन हंगामात निघून गेला, तोही उचल फेडायची बाकी ठेवून. बर्फ कमी भरला म्हणून तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, त्याला किनाऱ्यावर, लिलावाच्या गर्दीत, आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या. ग्रुपचा निकाल लागला: "हल्लीच्या पोरांना बोललेलं सोसत नाही." काकांनी पुस्ती जोडली, "आमच्या वेळी शेठ कानाखाली वाजवायचा, पण घरचा माणूस समजायचा." त्यावर ११ अंगठे.

या 'घरच्या माणसा'चं मला नेहमीच वावडं आहे. घरच्या माणसाला हिशेब विचारता येत नाही. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपायच्या आधी जी उचल हातावर पडते, ती पुढचा मे सरेपर्यंत फिटली की नाही, हे शेठच्या वहीला ठाऊक आणि वही शेठच्या कपाटात. पोरगा निघून गेला की तो कृतघ्न.

इथे जर्मनीत, हांबुर्गला मी गोदामात पाळीप्रमुख आहे. ५ कायम माणसं असली तरी त्यांना बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांच्या प्रतिनिधींचं मंडळ, निवडता येतो, आणि त्याचं म्हणणं न ऐकता कुणाला काढलं तर ते काढणंच रद्द ठरतं. (छोट्या धंद्यांत तो बहुतेकदा नसतोच, पण ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.) आपल्याकडेही २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. २० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, मालकाची आणि कामगारांची माणसं निम्मी-निम्मी. दादाच्या बोटीवर तांडेल धरून ८ जण. म्हणजे समितीही तांडेलच आणि कोर्टही तांडेलच.

एवढं सगळं टाईप केलं. दादाचं उत्तर एका ओळीचं: "तिकडे एसीत बसून बोलायला काय जातंय?"

एसी! माझ्या गोदामाची दारं दिवसभर ट्रकांसाठी उघडी असतात, जानेवारीत दोन जॅकेटं घालूनही बोटं वळत नाहीत. पण ते सांगून काय उपयोग. आणि दुसरंही एक मी सांगितलं नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. एका पोराने तीन पॅलेट चुकीच्या गाडीत चढवले आणि मी त्याला तिथेच, सगळ्या पाळीदेखत झापलं. शिवी दिली नाही, पण सूर पुरता बाबांचा होता, किनाऱ्यावरचा. त्याने स्कॅनर चार्जरमध्ये ठेवला, हातमोजे काढून एकावर एक घडी करून पॅलेटवर ठेवले आणि जिना चढून सरळ बेट्रीब्सराटकडे गेला. दोन दिवसांनी आम्ही बंद खोलीत बसलो. तो म्हणाला, चूक माझी होती, मान्य. पण ती मला एकट्याला सांगायची होती. झालेल्या बोलण्याचा कागद लिहिला, दोघांनी सह्या केल्या. ४० मिनिटांत सगळं आटोपलं.

बाबांनी असा कागद कधी केला नाही. सकाळी खलाशावर बंदर दणाणून जाईल असे ओरडायचे आणि संध्याकाळी माझ्या हाती त्याच्या खोलीवर सुरमईचं कालवण पाठवायचे, वर केळीचं पान झाकून. "चुकलं माझं" हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. कालवण पोचलं की भांडण मिटलं, असंच मी धरून चालले होते. ते कालवण परत पाठवायची सोय त्या खलाशाला होती का, हा प्रश्न इथे आल्यावर पडला, तोही त्या बंद खोलीत.

तो पोरगा आजही रोज सकाळी ६ ला मला 'मोइन' म्हणतो, म्हणजे इथला नमस्कार. त्यात राग नाही, लोभही नाही. या शहरात ११ वर्षं झाली, माझ्यावर कुणी ओरडलेलं नाही. कुणाच्या घरचं भांडं माझ्या ओट्यावर परत द्यायचं म्हणून पडलेलंही नाही.

परवा न राहवून दादाला फोन केला आणि मार्चचं सगळं सांगून टाकलं. आता हसेल म्हणून कान घट्ट करून बसले. तो हसला नाही. म्हणाला, "मग पुढे? जेवायला बोलावलंस की नाही त्याला?"

"इथे तसं नसतं रे."

"कसं नसतं?"

मला उत्तर सुचेना, म्हणून मीच उलटं विचारलं, "तू बोलावलंस तुझ्या त्या पोराला? फोन तरी केलास?"

मागे लिलावाची बोली चालू होती, कोणीतरी कोळंबीचा भाव ओरडत होतं.

"बोट लागलीय गो," दादा म्हणाला, "ठेवतो."