सगळं घरचं पिकवलं की काळजी मिटली?

"जो देश आपलं सगळं अन्न स्वतः पिकवतो, त्याला कुणाच्या बापाची भीती नाही. आयात बंद करा, कोठारं भरा. धान्य देशात असलं की कुणी उपाशी राहत नाही." हा मेसेज पुन्हा फिरतोय. त्यामागची धास्ती खोटी नाही. 2010 च्या ऑगस्टमध्ये रशियाने गव्हाची निर्यात एकाएकी थांबवली होतीच. पण उपाय चुकलाय.

'स्वतः पिकवतो' म्हणजे त्यातलं आपलं किती? युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू. पोटॅश तर कॅनडा, रशिया, बेलारूस अशा मोजक्या देशांच्या हातात. श्रीलंका तांदळात जवळपास स्वयंपूर्ण होती. एप्रिल 2021 मध्ये तिने रासायनिक खतांची आयात बंद केली. नोव्हेंबरात बंदी उठवली, पण भाताचं पीक कोसळायचं ते कोसळलंच आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला.

सौदी अरेबियाने वाळवंटात गहू पिकवला, एके काळी निर्यातही केला. पाणी कुठलं? हजारो वर्षांपूर्वी जमिनीखाली साठलेलं, पुन्हा न भरणारं. मुद्दलच खाल्लं म्हणा ना! 2008 मध्ये सरकारने गहू खरेदी टप्प्याटप्प्याने घटवायचं ठरवलं आणि 2016 मध्ये ती थांबवली.

आयात म्हणजे दुबळेपणा? सिंगापूर नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणतं, पण शंभराहून अधिक देशांतून. एक दार लागलं तर दुसरं उघडं असतं. घात होतो तो एकाच दारावर विसंबल्याने, मग ते दार घरचं का असेना.

कोठारांचंही तेच. बैरूत बंदरात लेबनॉनचं धान्याचं मुख्य कोठार होतं, क्षमता 1,20,000 टन. 4 ऑगस्ट 2020 च्या स्फोटात ते फाटलं आणि देशाकडे महिनाभराचाही गहू उरला नाही. शिवाय धान्य नुसतं भरून ठेवता येत नाही. ते श्वास घेतं. ओल राहिली की ढिगात हात घातल्यावर ऊब लागते, मग सोंडे आलेच. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचा साठा खासगी कंपन्यांकडे असतो. जुना माल विकायचा, नवा भरायचा, असा तो फिरता राहतो.

मेसेजमधलं शेवटचं वाक्य, 'धान्य देशात असलं की कुणी उपाशी राहत नाही', सगळ्यात घातक. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. अमर्त्य सेन यांनी आकडे मांडले: त्या वर्षी धान्य 1941 पेक्षा जास्तच होतं. त्या आकड्यांवर पुढे वाद झाले. पण युद्धकाळात तांदळाचे भाव भडकले आणि शेतमजुराची मजुरी मागेच राहिली, हे खरं. त्याच्या हातच्या पैशात तांदूळ येत नव्हता.