पाऊस पडेपर्यंत परमनंट

पदवी हातात आहे, नोकरी नाही आणि लॅपटॉप उघडून बसलं की वडील वर्तमानपत्राच्या आडून मुद्दाम खोकतात. तशात एप्रिल उजाडला असेल तर तुम्ही नशीबवान आहात. खोपोलीपासून नागपूरपर्यंत जिथे जिथे शहर संपून एनए प्लॉटच्या पाट्या सुरू होतात, तिथे एखादा वॉटर पार्क असतोच आणि शाळांना सुट्ट्या लागल्या की त्याला दोन महिन्यांपुरती माणसं लागतात. खुशाल जा. पथ्य एकच. आपण नोकरी करतोय हे कोणाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही, स्वतःच्या तर मुळीच नाही. तुम्ही नोकरी शोधताय. पार्कात फक्त मधल्या वेळेत असता. मधला वेळ म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात.

निवडीच्या वेळी गांगरू नका. आजवर तुम्ही अॅप्टिट्यूड टेस्ट दिल्यात, ग्रुप डिस्कशनमध्ये घसा फोडलात, ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता’ याचं पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवलंत आणि ‘आम्ही कळवू’ ऐकून घरी आलात. इथे गेटजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये कॉन्ट्रॅक्टर बसलेला असतो. तो विचारतो, “पोहता येतं?” येत असेल तर पाण्यापाशी, नसेल तर काउंटरवर. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, टीशर्टचा साइज. “उद्यापासनं या.” हे दोन शब्द ऐकायला तुम्ही हिंजवडीपर्यंत चपला झिजवल्यात आणि इथे तंबाखूचा बार भरलेला माणूस ते मान वर न करता बोलून जातो. हुरळून जाऊ नका. ज्या नोकरीला पाचवा राउंड नाही ती नोकरीच नव्हे, हे कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने तुम्हाला शिकवलं असेलच.

पोहता न येणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा कॉस्च्युम काउंटर येतो. नायलॉनशिवाय पाण्यात प्रवेश नाही, असा फलक तीन भाषांत डोक्यावर टांगलेला असतो आणि त्याच्याच सावलीत उभं राहून माणसं विचारतात, “कॉटन चालेल ना?” चालत नाही. सुती कपड्याचे तंतू सुटून फिल्टरमध्ये अडकतात, शिवाय भिजलं की कापड जड होऊन अंगाला चिकटतं. हे दर पाच मिनिटांनी नव्याने समजावायचं. काका सगळं शांतपणे ऐकून घेतात, पटल्यासारखी मान हलवतात आणि म्हणतात, “मग बनियन?” काकूंना साडीवरच आत सोडायला हवं असतं, कारण त्या “नुसत्या काठावर बसणार” असतात. डबल एक्सेल मागणाऱ्याच्या हातात ट्रिपल एक्सेल ठेवायचा, पण लेबल आतल्या बाजूला दुमडून. संध्याकाळी डिपॉझिट परत मागायला आलेला माणूस पावती म्हणून जो लगदा पुढे करतो, तो नखाने उलगडून त्यातला नंबर वाचायचा. वर वेळ उरलाच तर सापडलेल्या वस्तूंचं रजिस्टर भरायचं. चष्मे, जोडवी, एका पायाची चप्पल, आणि एकदा तरी कोणाची तरी कवळी. कवळी न्यायला कोणी येत नाही. आलं तर ओळख कशी पटवून घ्यायची, याचं धोरण पार्कापाशी नाही. ते तुम्ही ठरवायचं आणि या सगळ्याला ‘विशेष काही नाही, टाइमपास चाललाय’ असं घरी सांगायचं.

“पाण्याला क्लोरीनचा किती वास मारतोय!” ही तक्रार रोज येईल. पंपरूममधल्या मामांकडे ती पोचवण्याची चूक करू नका, कारण ते खरं उत्तर देतात. तो वास क्लोरीन जास्त पडल्याचा नसतो. लोकांचा घाम आणि लोकांनी पाण्यात गुपचूप सोडलेलं बाकी जे काही असतं, त्याच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइनं तयार होतात. नाकाला आणि डोळ्यांना झोंबतात ती ही. म्हणजे वास यायला लागला की क्लोरीन वाढवायची वेळ झाली. मामा छोट्या काचनळीत पाणी घेतात, थेंब टाकतात, रंग उजेडात धरून पाहतात आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये आहे की नाही ते सांगतात. त्यांचं शिक्षण नववी. तुम्ही केमिकल इंजिनियर असाल तर त्या वेळी दुसरीकडे बघा.

पोहता येत असेल तर शिट्टी, लाल ट्यूब आणि उंच खुर्ची मिळते. जीवरक्षकांच्या प्रशिक्षणात दहा-वीसचा नियम शिकवतात. दहा सेकंदांत आपल्या वाट्याचं सगळं पाणी नजरेखालून घालायचं आणि कोणी अडचणीत दिसलं तर पुढच्या वीस सेकंदांत त्याच्यापर्यंत पोचायचं. दिसायला हवं हीच खरी मेख आहे. बुडणारा माणूस हात हलवत नाही, ‘वाचवा’ म्हणत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या रेषेवर खालीवर होत असतं आणि आवाजासाठी श्वासच उरलेला नसतो. जो ओरडतोय तो बहुतेक मजा करतोय. उथळ पाण्यात गप्प झालेलं मूल शोधायचं, बापाच्या रीलमध्ये मागे गप्प झालेलं मूल. दर दहा सेकंदांनी, मे महिन्याच्या उन्हात, टोपीखालून. आता बायोडेटा उघडा आणि ‘कौशल्ये’ या सदराखाली लिहा : एमएस वर्ड.

मुलाखतीचा फोन बरोबर दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येतो. त्या दिवशी तुमची ड्यूटी नेमकी मोठ्या घसरगुंडीच्या जिन्यावर, रांग लावायला असते. पलीकडच्या मॅडम आधी विचारतील, “मागे कसला आवाज येतोय?” वेव्ह पूलचा भोंगा वाजलेला असतो. भोंगा म्हणजे लाटा सुरू, आणि लाटा सुरू म्हणजे आख्खी शाळेची सहल एका दमात किंचाळते. “को-वर्किंग स्पेसमध्ये आहे, मॅडम,” असं नम्रपणे सांगा. मग त्या विचारतील, “प्रेशरखाली काम करायचा काही अनुभव?” या क्षणी तुमच्यासमोर इंजिनियरिंगची ओली पोरं जिना हलवतायत. उंचीच्या पट्टीपाशी एक चिरंजीव टाचा वर करून उभे आहेत आणि त्यांच्या मातोश्री “घरी मोजला तेव्हा बरोबर होता” म्हणतायत. मधल्या पायरीवर एक गृहस्थ वर आल्यावर घाबरले असून त्यांना त्याच जिन्याने उलटं खाली उतरायचंय. तोंडातली शिट्टी काढा, “नाही मॅडम, फ्रेशर आहे” म्हणा आणि शिट्टी परत तोंडात घाला. अगदी बरोबर उत्तर. आवाज ऐकू न आल्याने फोन कट होईल. त्यांचा ईमेल येईल की आपली उमेदवारी काळजीपूर्वक विचारात घेतली गेली.

बायोडेटात या कामाचा उल्लेख करावा का, असा प्रश्न काही भाबडी मुलं विचारतात. प्लेसमेंट कन्सल्टंट सांगतात, करू नका, ‘इमेज’ जाते. त्यापेक्षा ते दोन महिने कोरे ठेवा आणि खाली लिहा की या काळात डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स केला. कोर्स अठरा टक्क्यांवर थांबलेला असला तरी हरकत नाही, तो कुणीच पूर्ण केलेला नसतो, मुलाखत घेणाऱ्यानेही नाही. पंख्याखाली झोपून काढलेल्या मे महिन्याला ‘अपस्किलिंग’ म्हणतात. उभं राहून काढलेल्याला ‘गॅप’ म्हणतात. हा फरक एकदा पचला की कॉर्पोरेट जग तुम्हाला परकं वाटणार नाही.

सरकारी नोकरीचा नाद सोडू नका, तो काउंटरवर बसूनही करता येतो. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. खुल्या गटाला परीक्षा शुल्क १,००० रुपये, राखीवला ९००. म्हणजे बिनकामाच्या पोरांनी मिळून काही न मिळवता सरकारला किती मिळवून दिले, याचा गुणाकार कोणत्याही पार्कच्या मालकाला झोप उडवील असा आहे. त्याला तिकिटाच्या बदल्यात निदान पाणी तरी द्यावं लागतं. २०२४ साली राज्य सरकारनेच मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिने. विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे आणि प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे, हे शासनाने आधीच स्पष्ट केलेलं असल्यामुळे तिथे तुम्हाला कसलंही सोंग करावं लागत नाही. ज्यांना तिथे जागा मिळाली नाही, त्यांनी आमच्या मार्गदर्शनाप्रमाणे सोंग चालू ठेवावं.

नातेवाइकांना ‘हॉस्पिटॅलिटीत आहे’ असं सांगा. मामींना ते हॉस्पिटल ऐकू येईल, येऊ द्या. सत्य बाहेर फुटलंच, तर दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात “एवढं शिकून लोकांच्या चड्ड्या भाड्याने देतो” असं लग्नाच्या पंगतीत बोललं जातं. दुसरा टप्पा त्याच संध्याकाळी सुरू होतो. “अरे, तुला स्टाफचे पास मिळत असतील ना? आम्ही नऊ जण आहोत, त्यात एक लहान.” लहान म्हणजे अकरावीतला. पास मिळत नाहीत हे सांगितलंत, तर तिथे तुमची काही किंमत नाही हे सिद्ध होईल. म्हणून स्वतःच्या हजेरीच्या पैशांतून तिकिटं काढा. ते येतील, बॅगेत टॉवेलखाली थेपले आणि चिवडा दडवून आणतील, गेटवर सापडतील आणि सिक्युरिटीला सांगतील, “आमचा भाचा इथे मोठ्या पोस्टवर आहे.”

पार्कात तुमच्याबरोबर आसपासच्या पाड्यांवरची, गावातली पोरं असतील. ती तुम्हाला ‘इंजिनियर’ म्हणतील आणि त्यात टोमणा नसेल, हे सहन करायला थोडं जड जातं. ती विहिरीत आणि नदीत पोहायला शिकलेली असतात, तळाशी गेलेली अंगठी एका दमात वर आणतात आणि दर उन्हाळ्याला इथे येतात. त्यांच्याशी फार जवळीक नको. ‘हे काम मला आवडतं’ असं वाक्य त्यांच्या तोंडून सहज निघून जातं आणि ते संसर्गजन्य आहे. खुद्द तुम्हालाही एखाद्या संध्याकाळी, पूल रिकामा करून शेवटची शिट्टी मारताना, दिवस बरा गेला असं वाटून जाईल. ताबडतोब लिंक्डइन उघडा. वर्गमित्राने नवी नोकरी ‘थ्रिल्ड टू अनाउन्स’ केलेली असेल, मन ताळ्यावर येईल.

आता सेवासमाप्तीबद्दल. इथला एचआर विभाग कुलाबा वेधशाळेत बसतो. मान्सून मुंबईत पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि तुमचं नेमणूकपत्र, असलंच तर, तिथपर्यंतचं समजायचं. २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला. गेल्या ७५ वर्षांत मुंबईत तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. वर्तमानपत्रांनी ‘बळीराजा सुखावला’ म्हटलं. सोळा दिवसांची हजेरी वाहून गेलेल्यांची बातमी नव्हती, कारण ते नोकरीत होतेच कुठे? पार्क बंद होत नाही, ‘मान्सून पॅकेज’चा नवा फलक लागतो. जास्तीची माणसं तेवढी नको असतात. गावातली पोरं दुसऱ्याच दिवशी भाताच्या रोपांकडे वळतात. पाऊस त्यांना कामावर घेतो आणि तुम्हाला काढतो.

शेवटच्या हजेरीचे पैसे “पंधरा तारखेनंतर” मिळतील. कोणत्या महिन्याच्या, हे विचारण्याचा प्रघात नाही. कॉन्ट्रॅक्टरचा फोन लागत नसेल तर तो पुढच्या हंगामाच्या तयारीत आहे असं समजा. टीशर्ट धुऊन, वाळवून परत करा, नाहीतर त्याचेही कापतात.

एक गोष्ट मात्र जपून. कॉन्ट्रॅक्टर नको तितका कायद्याचा निघाला आणि त्याने तुमचा पीएफ भरला, तर तुमच्या नावावर यूएएन, म्हणजे पीएफचा ओळख क्रमांक, तयार होतो आणि तो जन्मभर तोच राहतो. पुढे कधीतरी एखाद्या काचेच्या इमारतीत तुमची निवड होईल. तिथली पडताळणी करणारी मंडळी ईपीएफओतल्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेतल्या, नोंदी पाहतील आणि विचारतील, “तुम्ही फ्रेशर म्हणालात, पण इथे तर तुम्ही कामावर आहात.” होतात नव्हे, आहात. कारण रुजू झाल्याची तारीख कॉन्ट्रॅक्टरने भरली, सोडल्याची भरायची राहून गेली. घरच्यांनी, कन्सल्टंटने आणि तुम्ही जी नोकरी धरलीच नाही, ती सरकारदरबारी अजून चालू आहे. घाबरू नका. शेवटच्या वर्गणीला दोन महिने उलटले की पोर्टलवर आधारचा ओटीपी टाकून सोडल्याची तारीख स्वतःलाच भरता येते. कारण मात्र दिलेल्या यादीतूनच निवडावं लागतं. निवृत्ती आहे, अल्प सेवा आहे. पाऊस नाही. अल्प सेवेवर टिक करा.