मोठ्यांचं कार्टून बुडवायचं कसं?

मोठ्या माणसांसाठी कार्टून मालिका काढायचं तुम्ही मनावर घेतलंच आहे, तर आधी यशस्वी मालिका नीट बघा. नीट म्हणजे आवाज बंद करून. एका अमेरिकी कुटुंबाची 'द सिम्पसन्स' ही मालिका डिसेंबर 1989 पासून चालू आहे. आवाज बंद केलात की कारण लगेच कळतं: माणसं पिवळी आहेत. झाला अभ्यास. आवाज चालू ठेवलात तर भलतंच काहीतरी कानावर पडायचा धोका असतो. घरातला तो आळशी, खादाड, बिअरबाज बाप मुलीच्या सॅक्सोफोनची रीड वेळेवर आणत नाही, मग अपराधी वाटून तिला थेट एक तट्टू घेऊन देतो आणि तट्टूच्या खर्चासाठी रात्रपाळीची दुसरी नोकरी धरतो. हे ऐकलंत की 'हा माणूस लेकीवर जीव टाकतो की काय' अशी शंका तुम्हाला येईल. एकदा अशी शंका आली की मालिका चालायला लागते, मग आवरत नाही.

अमेरिकी चॅनलांनी बहुधा आवाज बंद करूनच पाहिलं होतं. 1992 मध्ये एबीसीने 'कॅपिटल क्रिटर्स' आणली: व्हाइट हाउसच्या तळघरातले उंदीर आणि झुरळं. सीबीएसने 'फिश पोलीस' आणली: मासा, व्यवसायाने इन्स्पेक्टर. आवाजाला जॉन रिटर, टिम करी अशी जाणती मंडळी. तीन भाग दाखवून झाल्यावर मासा पाण्यातच बरा, असं चॅनलला वाटलं. पुढच्या वर्षी 'फॅमिली डॉग' आली. मागे स्टीव्हन स्पीलबर्ग आणि टिम बर्टन, पुढे कुत्रा. तीही एका उन्हाळ्यात आटोपली. कार्टून चालतंय एवढीच बातमी या सगळ्यांच्या कानावर गेली होती. कोणाबद्दलचं, कशाबद्दलचं, ही चौकशी कोणी केली नाही. तुम्हीही करू नका.

लेखकांना प्रवासखर्च देऊ नका. 'किंग ऑफ द हिल'मध्ये तिचे कर्ते माइक जज आणि ग्रेग डॅनियल्स यांनी ही चूक केली. नायक टेक्सासमधला, प्रोपेन गॅस आणि त्याची उपकरणं विकणारा, म्हणून लेखकांना टेक्सास दाखवायला नेलं! माणसं कशी बोलतात, कुंपणाशी उभी राहून काय पितात, हे सगळं प्रत्यक्ष पाहून लिहिलं गेलं. परिणाम व्हायचा तोच झाला, फॉक्स चॅनलवर तेरा सीझन. गॅसविक्यासारखा नीरस इसम तेरा सीझन कोण बघतं, हे कोडं चॅनलच्या खोलीत बसून सुटत नाही, आणि खोलीबाहेर जायची तर तुम्हाला बंदी आहे.

त्यापेक्षा कोणालाच आवडणार नाही असा नायक घ्या. 2011 मध्ये फॉक्सने 'ॲलन ग्रेगरी' काढली. सात वर्षांचा, स्वतःच्या थोरवीवर लुब्ध, सगळ्यांना तुच्छ लेखणारा पोरगा. सात भागांत कारभार संपला. आता कोणी म्हणेल, दुष्ट नायकही चालतात. चालतात, पण त्यांना काहीतरी हवं असतं आणि ते मिळत नसतं. या पोराला सगळं आधीच मिळालेलं होतं. त्याच चॅनलवर त्याच वर्षी 'बॉब्स बर्गर्स'ही सुरू झाली. तिच्या मूळ कल्पनेत बर्गरवाल्याचं कुटुंब नरभक्षक होतं. ते तेवढं काढा, असं फॉक्सने सुचवलं. नरमांस गेलं आणि एकमेकांवर मनापासून माया असलेलं, भाडं थकलेलं कुटुंब उरलं. चॅनलची सूचना बरोबर निघाल्याचं हे उदाहरण मी नाइलाजाने देतोय. कृपया यावरून धडा घेऊन सूचनांचा पाऊस पाडू नका. किंवा पाडा, तुमचं ध्येय वेगळं आहे.

प्रौढांसाठी म्हणजे काय, हा प्रश्न तर सोडवलेलाच आहे. शिव्या. 'साउथ पार्क'मधली पोरं शिव्या देतात आणि 1997 पासून ती मालिका चालू आहे, आणखी काय पुरावा हवा? तिचे कर्ते ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन कथेतल्या दोन प्रसंगांमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसतंय का ते तपासतात, नुसतं 'आणि मग' येत असेल तर प्रसंग मोडीत काढतात, असं ते स्वतः सांगतात. ते कानाआड करा. एक भाग साधारण सहा दिवसांत उभा करायचा, म्हणजे बातमी शिळी व्हायच्या आत तिची खिल्ली उडवता येते, हेही विसरा. शिव्या तेवढ्या घ्या. नेटफ्लिक्सने 2020 मध्ये 'हूप्स' नावाची मालिका आणली होती, तोंडाळ बास्केटबॉल प्रशिक्षकाची. शिव्यांचा मुळीच तुटवडा नव्हता. एक सीझन.

पैसा मात्र दिसला पाहिजे. एनबीसीची 2004 मधली 'फादर ऑफ द प्राइड' आदर्श मानायला हरकत नाही: 'श्रेक' बनवणाऱ्या स्टुडिओचं चकचकीत त्रिमिती काम, आणि पात्रं म्हणजे लास वेगासच्या सिगफ्रीड आणि रॉय या जादूगारांच्या खेळातल्या सिंहांचं कुटुंब. ऑक्टोबर 2003 मध्ये खऱ्या रॉयवर खऱ्या वाघाने रंगमंचावर हल्ला केला होता. तरीही मालिका आली. विनोदाला प्रसंगाचं भान नको, हे तत्त्व इतक्या निष्ठेने कोणी पाळलं नसेल. तीही एकाच सीझनची धनी.

इतकं करूनही मालिका चांगली निघाली तर घाबरू नका, वेळापत्रक तुमच्या हातात आहे. एबीसीने 2000 मध्ये 'क्लर्क्स'चं जे केलं ते शांतपणे समजून घ्या. सहा भाग तयार होते. त्यातला दुसरा भाग, मालिकेतले जुनेच प्रसंग पुन्हा दाखवून वेळ भागवणाऱ्या 'आठवणींच्या' भागांची टर उडवणारा होता. मुद्दा असा, की आठवायला मागे जेमतेम एकच भाग झालाय आणि पात्रं त्याचीच हळवी उजळणी करत बसलीत. चॅनलने आधी चौथा भाग दाखवला, मग हा दुसरा. म्हणजे पात्रं आठवत होती तो पहिला भाग प्रेक्षकांनी पाहिलेलाच नव्हता. विनोद इतक्या बारकाईने मारायला प्रतिभा लागते. दोन भागांनंतर मालिका बंद. उरलेले चार दाखवून कोणाची सोय झाली असती?

प्रामाणिकपणे सांगायचं तर, सगळं नीट करूनही बुडणाऱ्या मालिका आहेत, आणि त्यांचं श्रेय तुम्ही घेऊ नका. 'टुका अँड बर्टी'चं समीक्षकांनी कौतुक केलं, तरी नेटफ्लिक्सने 2019 मध्ये एका सीझननंतर तिला निरोप दिला. ॲडल्ट स्विम या मोठ्यांची कार्टून दाखवणाऱ्या चॅनलने उचलली, आणखी दोन सीझन झाले, पुन्हा निरोप. 'क्लोन हाय' ही इतिहासातल्या थोरामोठ्यांच्या शाळकरी क्लोनांची मालिका, तिच्यात गांधींचंही पात्र होतं. 2003 मध्ये दिल्लीत उपोषण झालं, एमटीव्हीने माफी मागितली, दुसरा सीझन निघाला तो 2023 मध्ये, गांधींना मुख्य पात्रांतून वगळून. उलट 'बोजॅक हॉर्समन'चे सुरुवातीचे भाग अनेकांना सामान्य वाटले होते. तिचा नायक, एक घोडा, हळूहळू उदास होत गेला आणि सहा सीझन टिकला, कारण संपूर्ण सीझन एकदम प्रदर्शित झाला होता, दुसऱ्या भागानंतर बंद करायला कोणाला संधीच मिळाली नाही. या पद्धतीपासून लांब राहा.

शेवटचं काम जिकिरीचं आहे. बंद केलेली मालिका बंदच राहिली पाहिजे. फॉक्सने 'फॅमिली गाय' 1999 मध्ये सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर दिमाखात सुरू केली, मग तिच्या वेळा बदलत राहिल्या आणि 2002 मध्ये ती रद्द केली. इथवर कामगिरी निर्दोष होती. मग कोणीतरी डीव्हीडी काढल्या, ॲडल्ट स्विमने रात्री जुने भाग लावले, डीव्हीडी तडाखेबंद खपल्या आणि 2005 मध्ये फॉक्सला तीच मालिका परत घ्यावी लागली. तेव्हा डीव्हीडी काढू देऊ नका, पुनःप्रक्षेपणाचे हक्क कोणाला विकू नका, आणि मालिका ओटीटीवर असेल तर 2022 मध्ये एचबीओ मॅक्सने आपल्या कितीतरी ॲनिमेटेड मालिकांचं केलं तेच करा: यादीतूनच काढून टाका. पुढे कोणी विचारलंच, तर असं काही आम्ही कधी बनवल्याचं आठवत नाही म्हणा. तपासायला त्यांच्याकडेही काही नसेल.